काळ्या घोड्याच्या शेजारी घर

वाचकांचे प्रश्न : घर आणि जागा

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मुंबईच्या काळा घोडा परिसरातील घरांविषयी आहेत. कोणाला तेथे घर घ्यायचे आहे, कोणाला वडिलांचे घर विकायचे आहे, तर कोणाला दलालाने दाखविलेल्या जागेचा नेमका हक्क कोणता हेच उमगलेले नाही. म्हणून या अंकातील सदर त्या एकाच परिसराला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त आहोत. पुण्यातील बंगला विकून मुंबईत राहावे, असा विचार आहे. पत्नीचे शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले असून त्या भागाविषयी तिला ओढ आहे. एका दलालाने ओव्हल मैदानासमोरील घराची जाहिरात पाठविली आहे : ‘काळा घोडा कलापरिसरात आलिशान आर्ट डेको सदनिका, तीन शयनगृहे, २,१०० चौरस फूट, जागतिक वारशाचे कायमस्वरूपी दृश्य, किंमत १२ कोटी ६० लाख.’ इसार देण्यापूर्वी आम्ही काय पाहावे? (पुणे)

उत्तर : आधी जाहिरातीतील पत्ता नीट वाचू. काळा घोडा नावाचा महसुली विभाग कागदोपत्री नाही. ज्या अश्वारूढ पुतळ्यावरून हे नाव पडले, तो पुढे सातवा एडवर्ड झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा पुतळा अल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये शहराला दिला होता. १९६५ मध्ये तो तेथून हलविण्यात आला आणि आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. चौकात २०१७ पासून जो घोडा दिसतो, त्याच्या पाठीवर कोणीच नाही. ज्याची हद्द महसुली नकाशात आखलेली नाही असे हे नाव असल्यामुळे दलाल ते हवे तितके ताणू शकतात आणि ताणतातही. जहांगीर कलादालन (१९५२), सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून असलेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले आणि आता छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धारण करणारे वस्तुसंग्रहालय आणि डेव्हिड ससून ग्रंथालय या वास्तू एकमेकींपासून अगदी थोड्या पावलांवर आहेत. मात्र त्यांच्या अवतीभवती कार्यालये, बँका, न्यायालये आणि महाविद्यालयेच अधिक असून राहती घरे फार थोडी आहेत. त्यामुळे ‘काळा घोड्याचे घर’ म्हणून जे दाखविले जाते ते बहुधा ओव्हलच्या पश्चिमेकडील इमारतींत, कुलाब्याच्या गल्ल्यांत किंवा फोर्टमधील एखाद्या जुन्या इमारतीच्या मजल्यावर असते. आपले घर पहिल्या प्रकारातील आहे आणि या तिन्हींत तोच सर्वांत भक्कम आहे, हे मोकळेपणाने सांगतो.

जाहिरातीतील ‘दृश्य’ हा दावा खरा आहे. ओव्हलच्या पश्चिम कडेची ही रांग समुद्रात भर घालून मिळविलेल्या जमिनीवर प्रामुख्याने १९३० च्या दशकात उभी राहिली. तिची तोंडे पूर्वेला आहेत, त्यामुळे दर्शनी खोल्यांत सकाळचे ऊन येते आणि मैदानापलीकडे उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा ही १८७० च्या दशकातील वास्तूंची रांग दिसते. मैदानाच्या दोन बाजूंना दोन शतकांच्या शैली, पलीकडे एकोणिसाव्या शतकातील आणि अलीकडे विसाव्या शतकातील आर्ट डेको, एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत. मरीन ड्राइव्हवरील इमारतींसह अशा ९४ वास्तूंच्या समूहाला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत स्थान दिले. समोर मोकळे मैदान आणि त्यापलीकडे संरक्षित वास्तू असल्यामुळे आपल्या खिडकीसमोर उद्या चाळीस मजली मनोरा उभा राहील, ही मुंबईत इतरत्र असणारी भीती येथे जवळजवळ नाही. चढ्या किमतीचा बराच भाग याच निश्चिंतीचा आहे आणि तो मला अवाजवी वाटत नाही.

परंतु जो नियम समोरचे दृश्य राखतो, तोच आपली खिडकीही राखतो. इमारतीच्या दर्शनी भागात बदल करताना वारसा जतन समितीची संमती लागते. जुन्या पोलादी चौकटी काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसविणे, गोलाकार सज्जा काच लावून बंद करणे, वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे खोके दर्शनी भिंतीवर टांगणे, या गोष्टी पुण्याच्या बंगल्यात आपण सुताराला फोन करून केल्या असतील; येथे तसे करता येणार नाही. आतील बदलांना किती मोकळीक आहे, हे इमारतीच्या वारसा यादीतील प्रतवारीवर अवलंबून असते. म्हणून इमारत कोणत्या श्रेणीत आहे, हे गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांकडून लेखी घ्यावे. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय सज्जा बंद केला असेल तर ती अनियमितता घराबरोबर आपल्याकडे येते, हेही ध्यानात ठेवावे.

आता क्षेत्रफळ. २,१०० चौरस फूट हा आकडा कोणत्या मापाचा आहे, हे जाहिरात सांगत नाही, आणि माझ्या अनुभवात जाहिरात जेव्हा गप्प असते तेव्हा तो आकडा कार्पेट क्षेत्राचा नसतो. स्थावर संपदा कायद्यातील व्याख्येनुसार कार्पेट क्षेत्रात, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या क्षेत्रात, आतील भिंतींचीही जागा धरतात. बाहेरच्या भिंती, पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळ्या, सज्जा आणि खुली गच्ची धरत नाहीत. आपले घर जुने असल्याने त्याची महारेरात, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी असण्याचे कारण नाही, पण मोजमापाची ती फूटपट्टी वापरायला कोणाची आडकाठीही नाही. वास्तुविशारदाकडून मोजणी करून घ्यावी. समजा, ती १,४५० चौरस फूट भरली, तर जो भाव फुटाला ६०,००० रुपये वाटत होता तो सुमारे ८७,००० रुपये होतो. शेजारच्या इमारतींतील अलीकडच्या व्यवहारांच्या नोंदी, म्हणजे सूची क्रमांक २, मिळवून तुलना करायची ती याच भावाशी. ती केल्याखेरीज किंमत योग्य की अयोग्य, हे मी येथे बसून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

जमिनीचा हक्क हा सर्वांत नाजूक भाग आहे. या भरावावरील भूखंड सरकारने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेले होते, त्यामुळे मालमत्ता पत्रकातील ‘सत्ताप्रकार’, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे ते सांगणारा, रकाना आपल्या वकिलांनी सर्वांत आधी वाचायला हवा. पट्टा कोणाच्या नावे आहे, किती वर्षांचा आहे, नूतनीकरणाच्या अटी काय आहेत आणि संस्थेकडे थकबाकी किती आहे, हे विचारावे. पट्टा ९९ वर्षांचा आणि १९३६ चा असेल तर तो २०३५ मध्ये संपतो, म्हणजे आपल्या घराला नवा रंग लागून तो विटण्याच्या आत. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी कोणी घराबाहेर काढीत नाही. परंतु नूतनीकरणाचा खर्च सभासदांवर वाटला जातो आणि तो आज किमतीत धरलेला नसतो. हस्तांतरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते काय, हा प्रश्नही येथेच येतो. कफ परेडच्या एका इमारतीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, जमीन विकासकाला भाडेपट्ट्याने दिलेली असेल आणि संस्था मागाहून स्थापन झालेली असेल, तर सदनिकेच्या हस्तांतरासाठी तशी परवानगी वा शुल्क मागता येत नाही; जमीन थेट संस्थेला मंजूर झालेली असल्यास गोष्ट निराळी. आपली इमारत कोणत्या गटात बसते, याचे उत्तर दलालाकडून नव्हे, तर मूळ पट्ट्याच्या दस्तातून मिळेल.

आणि इमारतीचा देह. ओव्हलच्याच रांगेतील एक घर गेल्या पावसाळ्यानंतर एका वाचकांसाठी मी पाहून आलो. दिवाणखान्यात तीन रंगांच्या टेराझोची फरशी होती, कडेची पट्टी कोठेही तडकलेली नव्हती. सज्जाच्या कठड्याला लाटांच्या नक्षीची लोखंडी जाळी होती आणि दलाल नेमका तेथेच उभा राहून बोलत होता. मी मागच्या बाजूच्या मोरीकडे गेलो. खिडकीवरील छज्ज्याच्या गिलाव्यावर बोटाने टकटक केली, तर तो पोकळ वाजला. कोपऱ्यात काँक्रीटचा एक तुकडा गळून पडला होता आणि आतील सळईवरचा गंज पापुद्र्यांनी सुटत होता. समुद्राच्या खाऱ्या हवेत हेच होते. सळई गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि फुगताना भोवतीचे काँक्रीट फोडते. दर्शनी भाग रंगवून घेतलेला असतो. इमारतीचे खरे वय मागच्या बाजूला, बिडाच्या पाइपांच्या मागे कळते. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण करून घेणे महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. तो अहवाल मागावा आणि इमारत सी-१ ते सी-३ यांपैकी कोणत्या वर्गात टाकली आहे ते पाहावे. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती, सी-१ म्हणजे पाडण्यायोग्य. संस्थेच्या गेल्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्ते वाचावीत. मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीचा ठराव झालेला असेल तर तो तेथे सापडतो, आणि ती वर्गणी विकणाऱ्याने द्यायची की आपण, हे करारात लिहून घ्यावे.

किमतीवर मुद्रांक शुल्क येईल. मुंबईत सध्या ते मेट्रो अधिभारासह ६ टक्के आहे. करारमूल्य आणि रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी दरपत्रकाचे, मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर ते आकारले जाते. आपल्या व्यवहारात ते ७५ लाख ६० हजार रुपये होईल. घर केवळ पत्नीच्या नावे घेतल्यास १ टक्का सवलत मिळून ६३ लाख होतील; दोघांच्या नावे घेतल्यास ती सवलत नाही. नोंदणी शुल्क कमाल ३०,००० रुपये. विक्रेता भारतात राहणारा असेल तर किमतीच्या १ टक्का, म्हणजे १२ लाख ६० हजार रुपये, आयकर कापून भरण्याची जबाबदारी आपली आहे.

माझे मत विचाराल तर, पट्ट्याचा दस्त स्वच्छ निघाला आणि परीक्षण अहवालात भयंकर काही नसले, तर हे घर घेण्यासारखे आहे. मात्र इसार देण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आणि एखाद्या रविवारी सकाळी तेथे जाऊन यावे. जहांगीरमधील समोवार उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले, ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये. आपल्या पत्नीच्या आठवणीतील काळा घोडा आणि आज चौकात भेटणारा काळा घोडा यांत अंतर पडलेले आहे, आणि १२ कोटी आजच्यासाठी द्यायचे आहेत.

प्रश्न : फोर्टमधील एका जुन्या इमारतीत ७०० चौरस फुटांची जागा आहे. दलाल म्हणतो, ‘पागडीची आहे, पण मालकीसारखीच समजा, उद्या इमारत पुन्हा बांधली की आलिशान सदनिका मिळेल.’ किंमत मालकीच्या घराच्या निम्म्याहून कमी आहे. मुलगी लंडनला असते, पुढे ती तिलाच द्यायची आहे. घ्यावी का? (डोंबिवली)

उत्तर : ‘मालकीसारखीच’ या शब्दातील ‘सारखीच’ हा भाग आपण विकत घेत आहात. पागडी, म्हणजे भाडेहक्कासाठीची एकरकमी रक्कम, देऊन आपण भाडेकरू होता, मालक होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने पागडीच्या देवघेवीला कायदेशीर मान्यता दिली आहे, त्यामुळे व्यवहार चोरटा नाही. परंतु त्याला घरमालकाची लेखी संमती हवी, नवा भाडेकरार हवा आणि भाडेपावती आपल्या नावे निघायला हवी. हस्तांतराच्या रकमेत घरमालकाचा वाटा असतो. एक तृतीयांशाचा प्रघात ऐकू येतो, पण तो तडजोडीनेच ठरतो, आणि दलालाने सांगितलेल्या किमतीत तो धरलेला आहे की नाही, हे प्रथम विचारावे. अशा जागेवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणजे पुढे विकताना रोख क्षमता असलेलाच ग्राहक शोधावा लागतो.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे. मालकीचे घर मृत्युपत्राने देता येते. भाडेहक्काचे तसे नाही : भाडेकरूच्या निधनसमयी त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाला तो हक्क मिळतो; असा कुटुंबीय नसेल तरच इतर वारसाचा विचार होतो, आणि एकमत नसेल तर ते न्यायालय ठरविते. लंडनला राहणाऱ्या मुलीचा दावा घरमालकाने सहज मान्य करावा, असे कोणतेही कारण मला दिसत नाही. केवळ या एका मुद्द्यावर मी आपल्याला ही जागा घेऊ नका असे सांगेन.

पुनर्बांधणीचे म्हणाल, तर उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या पुनर्विकासात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. परंतु वारसा परिसरात उंचीवर आणि दर्शनी रूपावर बंधने असल्याने विकासकाचे गणित जुळायला वेळ लागतो, आणि काही वेळा ते जुळतच नाही. काळा घोड्याच्या अगदी कडेलाच वॉटसन हॉटेलची इमारत आहे, आजचे एस्प्लनेड मॅन्शन. तिचा सांगाडा ओतीव लोखंडाचा आहे आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम तेथे दाखविली गेली. इतकी कीर्ती असूनही दुरुस्ती कोणी आणि कशी करायची, याचा निकाल वर्षानुवर्षे लागला नाही आणि २०१९ मध्ये तेथील गाळेधारकांना जागा रिकाम्या कराव्या लागल्या. दलाल जेव्हा ‘उद्या’ म्हणतो तेव्हा त्या इमारतीवरून एक चक्कर मारून यावे.

प्रश्न : वडिलांनी १९७४ मध्ये कुलाब्यात, ससून डॉकपासून पाच मिनिटांवर घर घेतले. ते आता नाहीत. संस्थेत नामनिर्देशन माझ्या थोरल्या भावाचे आहे. आम्ही दोघे भाऊ मुंबईत असून बहीण न्यू जर्सीला असते. तिघांनाही घर विकायचे आहे. दलालाचे म्हणणे असे की, जाहिरात ‘काळा घोडा आर्ट डिस्ट्रिक्ट’ या नावाने द्यावी, भाव चढा मिळतो. त्याने मजकूरही करून दिला आहे : ‘कलेच्या माहेरघरी राजेशाही थाटाचे स्वप्नमंदिर, मोजक्या रसिकांसाठी.’ आपला सल्ला काय? (दादर)

उत्तर : आधी कागद, मग स्वप्नमंदिर. नामनिर्देशनामुळे आपले बंधू मालक होत नाहीत. सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या तरतुदींनुसार वारसांचा निर्णय होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ही ‘तात्पुरता सभासद’ असते. वडिलांचे मृत्युपत्र नसेल आणि आई हयात नसेल, तर तिन्ही भावंडांचा हक्क समान आहे. खरेदीदाराचे वकील तिघांच्याही सह्या मागतील आणि मागायलाच हव्यात. म्हणून ग्राहक शोधण्याआधी वारसाचे कागद, संस्थेचे भागपत्र, १९७४ चा मूळ करारनामा आणि थकबाकी नसल्याचा दाखला एकत्र करून ठेवावा. मूळ करारनामा हरवला असेल तर आत्ताच पोलिसांत तक्रार नोंदवून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. ग्राहक समोर बसलेला असताना ही धावपळ सुरू झाली की भाव त्याच्या बाजूला झुकतो.

बहिणीच्या वाट्याबाबत विशेष दक्षता हवी. ती अनिवासी असल्यामुळे तिच्या हिश्शाच्या रकमेतून खरेदीदाराला १ टक्का नव्हे, तर अनिवासींसाठीच्या बऱ्याच चढ्या दराने कर कापावा लागतो, आणि तो नफ्यावर नव्हे, पूर्ण रकमेवर कापला जाण्याचा धोका असतो. तिने आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र घेतले तर तो टळतो. त्याला वेळ लागत असल्याने अर्ज करारापूर्वीच करावा. १९७४ च्या खरेदीसाठी नफा मोजताना १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य धरता येते, म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा त्या तारखेचा अहवाल तिघांनीही मिळून एकच घ्यावा. मुंबईत राहणाऱ्या दोघा भावांना खरेदीमूल्य महागाई निर्देशांकाने वाढवून २० टक्के किंवा तसे न वाढविता १२.५ टक्के, असे दोन्ही हिशेब करून कमी कर निवडता येतो. बहिणीला ही निवड नाही, तिला १२.५ टक्क्यांचा दर लागू होतो. ती सहीसाठी येऊ शकत नसेल तर तिकडे अपोस्टिल केलेले, म्हणजे परदेशात चालावे म्हणून अधिकृतपणे प्रमाणित केलेले, मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथे मुद्रांकित करून घ्यावे. ही मुदत चुकल्याने रखडलेले व्यवहार मी एकाहून अधिक पाहिले आहेत.

आता जाहिरात. ससून डॉकपासून काळा घोडा सुमारे दोन किलोमीटर दूर आहे. ज्याला काळा घोडा हवा आहे तो ग्राहक आपले घर पाहायला येईल, टॅक्सीतून उतरताच त्याला सकाळच्या मासळीचा वास येईल आणि जाहिरातीतील पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा त्याचा विश्वास तेथेच उडेल. शिवाय कुलाब्याला उसने नाव घेण्याची गरजच काय? ससून डॉक १८७५ चे आहे, आणि २०१७ मध्ये त्याच्या गोदामांत भरलेले कलाप्रदर्शन पाहायला शहरभरातून लोक आले होते. मी जाहिरात लिहिली तर अशी लिहीन : ‘कुलाबा, ससून डॉकपासून पायी पाच मिनिटे. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका, एकाच कुटुंबाकडे १९७४ पासून. कार्पेट क्षेत्र वास्तुविशारदाने मोजलेले, नकाशा उपलब्ध. सर्व वारसांची विक्रीस संमती, मूळ दस्त उपलब्ध. संरचनात्मक परीक्षण अहवाल पाहता येईल. कलादालने आणि संग्रहालये टॅक्सीने दहा मिनिटांच्या आत.’ यात ‘आलिशान’ हा शब्द नाही हे दलालाला आवडणार नाही. परंतु या भागात कोट्यवधी रुपये मोजणारा माणूस विशेषणे वाचत नाही, त्याचे वकील ‘सर्व वारसांची संमती’ ही ओळ वाचतात.

प्रश्न : काळा घोडा महोत्सवाच्या काळात तेथे राहणाऱ्यांना त्रास होतो का? गाडी ठेवण्याची सोय कशी असते? (नाशिक)

उत्तर : महोत्सव १९९९ पासून भरतो, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी, नऊ दिवस. रॅम्पार्ट रो, म्हणजे के. दुभाष मार्ग, त्या काळात वाहनांना बंद असतो आणि गर्दी रात्रीपर्यंत असते. वर्षातील नऊ संध्याकाळी घरी चालत पोहोचण्याची तयारी हवी. उरलेल्या वर्षात रात्री हा भाग इतका शांत असतो की मुंबईकराला चुकल्यासारखे वाटावे. गाडीची अडचण मात्र बारमाही आहे. जुन्या इमारतींत गॅरेज मोजकी आहेत. करारात ‘पार्किंगसह’ एवढेच लिहिलेले असेल तर जागेचा क्रमांक आणि तिच्या वाटपाचा संस्थेचा ठराव मागावा; इमारतीखालच्या खांबांमधील जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाते आणि हुतात्मा चौक स्थानक येथून जवळ आहे, तेव्हा गाडीच नको हा पर्यायही विचारात घ्यावा.

प्रश्न : मी चित्रकार आहे. काळा घोड्याजवळ भाड्याने सदनिका घेऊन पुढच्या खोलीत छोटे कलादालन आणि मागे राहण्याची सोय, असा बेत आहे. चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : स्वतःच्या घरात चित्रे काढायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. दारावर पाटी लावून लोकांना आत बोलावणे आणि चित्रे विकणे म्हणजे निवासी जागेचा वापर बदलणे होय. त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते, संस्थेची संमती लागते आणि भाडेकरारात तसा उल्लेख असावा लागतो. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, त्यामुळे त्यापोटी भली मोठी रक्कम आपल्या भाड्यात चढविली जात असेल तर संस्थेची पावती मागावी.

आपला बेत मुळातच वावगा नाही. केमोल्ड हे कलादालन १९६३ मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर सुरू झाले आणि २००७ मध्ये फोर्टमधील क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर गेले; या भागात चांगली चित्रे पाहायला जिने चढण्याची रसिकांना सवय आहे. मात्र अशी कलादालने व्यावसायिक वापराच्या जागेत असतात. म्हणून राहण्याची खोली उपनगरात आणि व्यावसायिक वापराची लहानशी जागा फोर्टमध्ये, असा हिशेब एकदा मांडून पाहावा. तो अनेकदा स्वस्त पडतो. जागा पाहताना मोजपट्टी बरोबर न्यावी आणि जिन्याच्या वळणाची रुंदी मोजावी. जुन्या लिफ्टमध्ये सहा फुटी कॅनव्हास जात नाही आणि तो वळणावर अडकला की चौकट काढून, गुंडाळून वर न्यावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते का, हे शेजाऱ्यांना विचारावे, कारण घर दाखविणारा माणूस आपल्याला नेहमी उन्हाळ्यातच बोलावतो.